शिकागो परिसरात नव्याने आलात? पार्कच्या वेळा आणि मुलांचा कर्फ्यू

आमच्या पहिल्या उन्हाळ्यात आईबाबा इथे आले होते. जेवणं झाली की दोघं घरामागच्या पार्कमध्ये शतपावलीला जायचे. एका रात्री साडेनऊला पोलिसांची गाडी आली, टॉर्चचा उजेड अंगावर पडला आणि बाबा गांगरून गेले. पोलीस सौम्यपणे बोलला, पार्क बंद झालंय एवढंच त्याने सांगितलं. पण आई पुढे आठवडाभर संध्याकाळची बाहेर पडेना. हे मी आधी सांगायला हवं होतं, म्हणून आता तुम्हाला सांगतोय.

आपल्याकडे बाग बंद होते म्हणजे वॉचमन शिट्टी वाजवतो आणि फाटकाला कुलूप लागतं. इथे बऱ्याच पार्कना फाटकच नसतं. बंद झाल्याचं कळतं ते फक्त पाटीवरून, म्हणून पहिल्याच दिवशी पाटी वाचा. शिकागो शहरातली पार्कं साधारण सकाळी ६ ते रात्री ११ उघडी असतात. कुक काउंटीची (शिकागो ज्यात येतं तो जिल्हा) फॉरेस्ट प्रिझर्व्ह, म्हणजे राखीव जंगलं, मात्र सूर्योदय ते सूर्यास्त. उपनगरांत प्रत्येक पार्क डिस्ट्रिक्टचा, म्हणजे पार्कं सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेचा, कारभार वेगळा आणि त्याचे नियमही वेगळे, त्यामुळे शेजारच्या गावातला मित्र काय सांगतो त्यावर जाऊ नका.

‘सूर्यास्तापर्यंत’ ही वेळ सरकत राहते. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि कालपर्यंत ऑफिसनंतर जमणारा फेरफटका एकदम अंधारात जातो. वेळ संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीही ठेवू नका.

आता मुलांचं. कर्फ्यू म्हटलं की आपल्याला दंगल आणि संचारबंदी आठवते. इथला कर्फ्यू रोजचाच असतो आणि फक्त मुलांसाठी. इलिनॉयच्या, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे त्याच्या, कायद्यानुसार १७ वर्षांखालच्या मुलांनी रविवार ते गुरुवार रात्री ११ नंतर, आणि शुक्रवारी-शनिवारी मध्यरात्रीनंतर, सकाळी ६ पर्यंत सार्वजनिक ठिकाणी मोठ्यांच्या सोबतीशिवाय असू नये. शिकागो शहराने २०२२ मध्ये नियम कडक केला: १७ वर्षांच्या मुलांनाही तो लागू, आणि सगळ्या दिवशी रात्री १० पासून.

सूटही आहे. सोबत आईवडील किंवा त्यांनी ठरवलेली १८ वर्षांवरची जबाबदार व्यक्ती असेल तर चालतं. नोकरीवरून, शाळेच्या किंवा धार्मिक कार्यक्रमातून थेट घरी येणाऱ्यांनाही सूट असते. ‘थेट’ हा शब्द मुलांना नीट समजावा. गणपतीच्या कार्यक्रमाहून निघून वाटेत मित्रांबरोबर पार्कमध्ये तासभर रेंगाळणं यात बसत नाही. जाणूनबुजून मोकळीक दिली तर आईवडिलांवरही ठपका येतो.

मुलगा गाडी चालवायला लागला की आणखी एक घड्याळ सुरू होतं. १८ वर्षांखालच्या चालकाला रविवार ते गुरुवार रात्री १० नंतर आणि शुक्रवारी-शनिवारी ११ नंतर आईवडील सोबत नसताना गाडी चालवता येत नाही. राज्याच्या कर्फ्यूच्या वेळेपेक्षा ही आधीची, आणि नेमकी हीच बहुतेकांना माहीत नसते.

पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं, हे मुलांशी शांतपणे बोलून ठेवा. पळायचं नाही, हात खिशात घालायचे नाहीत, खरं नाव आणि घरचा फोन नंबर सांगायचा. आणि आजीआजोबा यायच्या आधी एकदा त्यांच्या शतपावलीचा रस्ता स्वतः चालून बघा. फुटपाथवरून फिरायला रात्रीही अडचण नसते.