हॉटेल-क्लिनिकसमोर जमिनीवरचा बोर्ड लावताय? आधी हे बघा

बोर्ड रस्त्याला समांतर नको, काटकोनात उभा करा आणि दोन्ही बाजूंनी नाव टाका, कारण ६० च्या स्पीडने येणारी गाडी सेकंदाला साधारण १६-१७ मीटर पुढे जाते, मान वळवून वाचायला कुणाला वेळच नसतो. नाव, धंदा आणि बाण एवढंच पुरे, फोन नंबर चालत्या गाडीतून कोण टिपून घेणार! ऑर्डर द्यायच्या आधी त्याच साइजचा पुठ्ठा जागेवर उभा करून रस्त्यावरून बघाच, आणि गेटमधून बाहेर पडताना ड्रायव्हरला येणारी गाडी आडोशाशिवाय दिसते का तेही बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

कोकणात असाल तर खाली जांभ्याचा किंवा काँक्रीटचा चौथरा हवाच, नाहीतर पावसात लाल चिखल उडून खालची ओळ गायब होते आणि लोखंडी पाय तळातून गंजतात. फ्लेक्स स्वस्त पडतो पण वाऱ्यात फाटतो, त्यापेक्षा गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) फ्रेमवर एसीपी, म्हणजे दोन अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली शीट, घ्या.

महाराष्ट्रात मराठी नाव देवनागरीत आधी, आणि इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून हे सगळ्या दुकानांना लागू आहे. परवानगीचं ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत विचारून मगच खड्डा खणा.