बग सापडलाय? आधी कीबोर्डवरून हात काढा, मग वाचा

मागच्या वर्षी आईच्या ब्लड टेस्टचा रिपोर्ट लॅबने एसेमेसवर पाठवला. लिंक उघडली तर लॉगिन नाही, ओटीपी नाही, काही नाही, आणि लिंकच्या शेवटी नुसता एक आकडा. आता आपल्याला खाज असतेच, मी तो आकडा एकने वाढवला आणि समोर कुणा अनोळखी काकांची शुगर, वय, मोबाईल नंबर सगळं. या प्रकारच्या बगला, म्हणजे सिस्टिममधल्या चुकीला, सिक्युरिटीवाले आयडॉर म्हणतात, म्हणजे सर्व्हर तुम्हाला फाईल देतो पण ती बघायचा हक्क तुम्हाला आहे का हे तपासतच नाही.

इथेच थांबायचं. खरं तर एक आकडाही बदलायला नको होता, पण ते झालं. यानंतर "बघू तरी किती रिपोर्ट उघडतात" म्हणून जो स्क्रिप्ट लिहून हजारभर पीडीएफ उतरवतो तो मदत करायला गेलेला माणूस राहतच नाही, लॅबच्या लॉगमध्ये (कुणी कधी काय उघडलं याची सर्व्हरवरची नोंद) तो सरळ चोर दिसतो. पुरावा म्हणून एक उदाहरण पुरतं. अकाउंट उघडायची सोय असेल तर आपलीच दोन अकाउंट काढा आणि एकातून दुसऱ्याचं दिसतं का ते बघा, म्हणजे परक्याच्या डेटाला हातच लागत नाही.

हे इतकं ताणून सांगतोय कारण आपल्याकडे "मी चांगल्यासाठी केलं" म्हणणाऱ्याला वाचवणारं वेगळं कलम नाही. आयटी कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं आणि डेटा उतरवून घेणं दोन्ही येतं, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू स्वच्छ होता हे सिद्ध करता येईलही हो, पण ते पोलीस स्टेशनात बसून कोण करणार? आणि सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या सिस्टिम असतात, त्यांच्यासाठी कलम 70, तिथे मामला 10 वर्षांपर्यंत जातो. तिकडे फिरकूच नका.

आता कळवायचं कुठे. कंपनीच्या डोमेनपुढे स्लॅश डॉट वेल-नोन स्लॅश सिक्युरिटी डॉट टीएक्सटी असं इंग्लिशमध्ये टाकून बघा, 2022 पासून या फाईलचा फॉरमॅट रीतसर ठरलेला आहे आणि त्यात कुणाला मेल करायचा ते लिहिलेलं असतं. नसेल तर साईटवर बग बाउंटी (बग सांगणाऱ्याला बक्षीस) किंवा डिस्क्लोजर पॉलिसी (बग कसा कळवायचा याचे नियम) शोधा, सापडली तर स्कोप, म्हणजे काय तपासायला परवानगी आहे ते, नीट वाचा, कारण परवानगी फक्त स्कोपमध्ये लिहिलेल्या गोष्टींपुरतीच असते, शेजारचं सबडोमेन त्यात नसेल तर नसेल. यातलं काहीच नसेल (छोट्या लॅब, शाळा, सोसायटीची ॲप यांच्याकडे नसतंच) तर सर्ट-इन. ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था, 2004 पासून आहे, त्यांच्या साईटवर असा बग कळवायची सोय आहे आणि कंपनीशी बोलायचं काम ते करतात. वीज, बँक, टेलिकॉम असल्या अत्यावश्यक गोष्टींसाठी एनसीआयआयपीसी म्हणून वेगळी संस्था आहे, तिचाही असाच कार्यक्रम आहे. कस्टमर केअरच्या चॅटवर मात्र बग उलगडून सांगू नका, तिथला पोरगा "सर ब्राउझर कॅश क्लिअर करा" म्हणेल आणि तुमचा स्क्रीनशॉट दहा लोकांच्या ग्रुपमध्ये फिरेल.

मेल छोटा आणि कोरडा ठेवा. विषयात "तुमची साईट हॅक झाली आहे" लिहिलंत तर तो स्पॅममध्ये गेलाच. मी साधारण असं लिहिलं होतं: "मी तुमच्याकडे टेस्ट केलेल्या पेशंटचा मुलगा. रिपोर्टच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्या पेशंटचा रिपोर्ट लॉगिनशिवाय उघडतो. अमुक तारखेला अमुक वाजता मी असा एकच रिपोर्ट उघडला, सेव्ह केलेला नाही. तुमच्या टेक्निकल माणसाशी जोडून द्या, बाकीचं त्यांना सांगतो." वेळ मुद्दाम दिली, म्हणजे त्यांना लॉगमध्ये माझी ती एक रिक्वेस्ट सापडेल आणि बाकी काही नाही हेही दिसेल. स्क्रीनशॉट जोडायचा तर नाव नंबर काळे करून.

आणि पैशाचा विषय काढायचा नाही. बाउंटी जाहीर असेल तर ते आपणहून देतात, जाहीर नसताना "रिवॉर्ड मिळेल का, नाहीतर पब्लिक करतो" हे वाक्य वकिलाच्या टेबलावर खंडणी म्हणून वाचलं जातं. कितीतरी हुशार पोरं या एका ओळीने स्वतःचा खेळखंडोबा करून घेतात.

मग वाट बघायची, आणि हेच सगळ्यात कंटाळवाणं. गूगलची बग शोधणारी प्रोजेक्ट झीरो टीम कंपन्यांना बग दुरुस्त करायला 90 दिवस देते, अमेरिकेतलं सर्ट-सीसी हे बग कळवायचं केंद्र 45 दिवसांनी तो जाहीर करतं, पण त्या मोठ्या टीम आहेत, त्यांच्यामागे वकील असतात. आपण एकटे, त्यामुळे मी दर दोन आठवड्यांनी एक सभ्य आठवण पाठवायची आणि तिसऱ्यालाही उत्तर नाही आलं तर सर्ट-इनला आधीच्या सगळ्या मेलसकट कळवायचं असं ठरवलंय. बग उघडा असताना ट्विटरवर टाकला तर कंपनीच्या आधी त्या काकांचं नुकसान होतं, हे मला तेव्हा त्यांचा नंबर समोर दिसत होता म्हणून नीट कळलं.

लॅबकडून उत्तर शेवटपर्यंत आलंच नाही. दुसऱ्या आठवणीनंतर चारेक दिवसांनी आईची जुनी लिंक उघडून बघितली, फक्त तिचीच, तर आता ती मोबाईल नंबर आणि ओटीपी मागत होती.