भांडणानंतर आपल्या माणसाकडे परत जाताना

नवरात्रात ललित पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोली टेकडीवर जाते. कोल्हासुराच्या वधानंतरच्या उत्सवाचे बोलावणे आले नाही म्हणून त्र्यंबोली रुसून, पाठ फिरवून टेकडीवर बसली आणि तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः तिथे गेली, अशी कथा कोल्हापुरात सांगितली जाते. अबोला मिटवू पाहणाऱ्यानेही मध्यस्थामार्फत निरोप न धाडता असेच स्वतः जावे.

मात्र लगेच निघू नये. राग चढल्यावर वाढलेली धडधड निवायला किमान 20 मिनिटे तरी द्यावीत, आणि भांडण मोठे असेल तर मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. त्याहून फार लांबवू नये, कारण दिवस गेले की त्यात शेजारी, सुना-जावई आणि अर्धवट ऐकलेली वाक्ये मिसळत जातात व मूळ कारण कोणालाच धड आठवत नाही.

जाण्यापूर्वी नेमके काय लागले, ते शोधावे. वास्तुशांतीचे आमंत्रण आत्याला उशिरा गेले असेल, तर माहेरी आपण परक्या झालो, हे तिला बोचत असते. ‘गडबडीत राहून गेलं’ या खुलाशाने ती जखम अधिकच चिघळते. ‘आत्ती, तुम्हाला सगळ्यांत आधी सांगायला पाहिजे होतं, माझं चुकलं,’ एवढे म्हणून थांबावे, पुढे ‘पण’ जोडू नये. त्यानंतर ती दहा वर्षांपूर्वीचेही काढील. ते सारे, तपशील दुरुस्त न करता, शेवटपर्यंत ऐकणे हाच या भेटीतील सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे.

थोरल्या भावासमोर बसून बोलणे जमत नसेल, तर त्याला संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला न्यावे. शेजारून चालताना नजर चुकवावी लागत नाही आणि मध्येच गप्प राहिले तरी अवघडत नाही. बांधाचा किंवा वाटणीचा विषय त्या दिवशी काढू नये. त्यासाठी वेगळा दिवस ठरवून, कागद समोर ठेवून बसावे.

नात्यात मारहाण किंवा धाक असेल, तर यातील काहीही लागू नाही. तेथे आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी.

इतके करूनही समोरचा बोलला नाही, तर रोज फोन करून भंडावू नये. दसऱ्याला सोने द्यायला किंवा संक्रांतीला तिळगूळ द्यायला येणाऱ्याला ‘का आलास’ असे कोणी विचारत नाही. त्या दिवशी जावे, मोठ्यांच्या पाया पडावे, जुने काही न काढता चहा घ्यावा आणि निघावे.