चाळीस दिवसांचं संशोधन

उन्हाळी संशोधन कार्यक्रम बहुधा आठ ते दहा आठवड्यांचा असतो. आठ आठवडे धरले तर कामाचे दिवस भरतात चाळीस. त्यातले चार-पाच सुरक्षा प्रशिक्षण, ओळखपत्र आणि संगणकाचं खातं यांत जातात, तीन-चार वाचनात, शेवटचे सहा-सात निकालांचं पोस्टर आणि अहवाल यांत. यंत्र बंद पडलं, नमुने वाया गेले, यासाठी चार बाजूला ठेवा. उरले वीस-बावीस. तुमचा संशोधनाचा प्रश्न एवढ्यात मावला पाहिजे, आणि नवख्यांचं गणित इथेच चुकतं.

अर्जाची घाई उन्हाळ्याच्या फार आधी असते. भारतातल्या तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त फेलोशिपचे अर्ज आदल्या वर्षीच निघतात. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या उन्हाळी कार्यक्रमाची मुदत साधारण जानेवारीअखेर संपते. पात्रता आधी वाचा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आरईयू साइट्सचं (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे संशोधन कार्यक्रम) विद्यावेतन तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच आहे. अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेच्या सर्फ या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी तर आधी गाइड, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, मिळवून त्याच्यासोबत प्रस्ताव लिहावा लागतो.

गाइडला ईमेल दीडशे शब्दांच्या आत ठेवा. ‘आपल्या कामाने मी प्रभावित झालो’ हे वाक्य शंभर जणांना जसंच्या तसं पाठवता येतं, म्हणून त्याला काही किंमत नाही. त्याऐवजी त्यांचा एक पेपर घ्या, त्यातल्या एखाद्या आलेखाबद्दल खरा प्रश्न विचारा, तुम्हाला येणारं एखादं तंत्र किंवा प्रोग्रॅमिंग भाषा सांगा आणि कोणते आठवडे मोकळे आहेत ते तारखांसह लिहा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

संस्थेच्या नावापेक्षा रोज शेजारी कोण बसणार, हे जास्त महत्त्वाचं. मोठ्या नावाचे प्राध्यापक अर्धा उन्हाळा परिषदांत असतात; मग शिकवतो तो पीएचडीचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करणारा. निवड झाल्यावर ‘रोजचं काम कोण बघेल?’ हे विचारायला संकोच करू नका.

पहिल्या आठवड्यात प्रश्न बारीक करा. ‘प्रथिनांच्या स्थैर्याचा अभ्यास’ हा विषय झाला. ‘पीएच 6, 7 आणि 8 या तीन बफरमध्ये या एका प्रथिनाचं वितळण-तापमान किती सरकतं?’ हे काम झालं. (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण; वितळण-तापमान म्हणजे ज्या तापमानाला प्रथिनाची घडी उलगडते ते.) प्रत्येक बफरचे तीन नमुने, म्हणजे नऊ मापनं. शिवाय प्रथिन न घातलेला कोरा बफर प्रत्येकी एकदा, म्हणजे बारा. आता यंत्राच्या वेळापत्रकात बारा जागा आहेत का, ते बघा. नसतील तर एक पीएच सोडा. प्रत्येक बफरच्या तीन नमुन्यांचे दोन करू नका, कारण दोन आकडे जुळले नाहीत तर चुकलेला कोणता ते कळत नाही.

नोंदवही त्याच दिवशी, त्याच टेबलावर भरायची: तारीख, रसायनाचा बॅच क्रमांक, फाइलचं नाव, काय बिघडलं. ‘फायनल’, ‘फायनल-2’, ‘खरंच फायनल’ या फाइल्स सहाव्या आठवड्यात कुणालाच उलगडत नाहीत.

निकाल ‘काहीच फरक नाही’ असा आला तरी घाबरू नका. नियंत्रण-नमुने (तुलनेसाठीचे, जसा वरचा कोरा बफर) नीट असतील तर तोही निकालच. ते नसतील तर मात्र पोस्टरवर काहीच सांगता येत नाही, म्हणून कोरा बफर मापनाच्या पहिल्याच दिवशी मोजा. पोस्टरचा मसुदा शेवटच्या सोमवारी नव्हे, सहाव्या आठवड्यात गाइडसमोर ठेवा. रिकाम्या चौकटींसह चालेल. कोणता आलेख अजून हवा हे तेव्हाच दिसतं.

पीएचडी प्रवेशसमिती शिफारसपत्र बारकाईने वाचते, आणि ‘हुशार, कष्टाळू’ एवढंच लिहिलेलं पत्र फार काही करत नाही. पत्राला घटना लागते: यंत्राचं वाचन हळूहळू सरकतंय हे कुणी पकडलं, विश्लेषणाची स्क्रिप्ट कुणी नव्याने लिहिली. म्हणून निघण्यापूर्वी एका पानावर स्वतःची कामं, डेटा कुठे ठेवलाय आणि अर्धवट राहिलेलं काय, हे लिहून गाइडला द्या. पत्र हवं असेल तर मुदतीच्या किमान महिनाभर आधी विचारा आणि तेच पान पुन्हा जोडा.