गावातील अभ्यासिकेत परराष्ट्र धोरणाचा इतिहास कसा अभ्यासावा

यवतमाळ, वाशीमकडील गावांतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले भारताचे परराष्ट्र धोरण सनावळीसारखे पाठ करतात, म्हणून ते परीक्षेपर्यंतही टिकत नाही. त्याऐवजी एका वहीच्या प्रत्येक पानाचे उभे दोन भाग करावेत. डावीकडे देशाने जाहीर केलेले तत्त्व आणि उजवीकडे त्या काळची गरज व पुढे घडलेले लिहावे.

आरंभ राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१ पासून करावा, कारण आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता यांच्या संवर्धनाचे मार्गदर्शक तत्त्व तेथेच आहे. त्यानंतर २९ एप्रिल १९५४ चा चीनबरोबरचा करार घ्यावा. तो मुळात तिबेटशी चालणाऱ्या व्यापाराचा आणि येण्याजाण्याचा होता, पंचशील, म्हणजे शांततापूर्ण सहजीवनाची पाच तत्त्वे, त्याच्या प्रास्ताविकेत आले, हे बहुतेक जण विसरतात. त्याच्यासमोर १९६२ चे युद्ध लिहावे. बांडुंगची आशियाई-आफ्रिकी देशांची परिषद (१९५५) आणि बेलग्रेडची अलिप्त, म्हणजे अमेरिका वा सोव्हिएत संघ यांपैकी कोणाच्याच गटात न गेलेल्या, देशांची परिषद (१९६१) यांना एकेक ओळ पुरे.

अन्नधान्याच्या पानाला मात्र भरपूर वेळ द्यावा. १९५६ पासून पीएल-४८० या अमेरिकी अन्नसाहाय्य कायद्याखालील करारान्वये अमेरिकेचा गहू येऊ लागला. १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो थोडा थोडा, हात आखडून सोडला, आणि व्हिएतनामवरील बॉम्बहल्ल्यांवर भारताने केलेली टीका त्यांना खटकत होती. धान्याचे कोठार रिकामे असताना अलिप्तता टिकवणे किती कठीण असते, हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रेशनवरचा लाल गहू आणि १९७२ च्या दुष्काळातील मिलो ज्वारी खाल्लेली आजी-आजोबांची पिढी अजून गावात आहे. त्यांच्या आठवणी विचारून त्याच पानावर उतरवाव्यात.

९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत कराराने अलिप्तता संपली, असे उत्तर घाईने लिहू नये. कलम ९ मध्ये आक्रमणाच्या प्रसंगी परस्पर विचारविनिमयाची तरतूद आहे, परंतु कलम ४ मध्ये सोव्हिएत संघ भारताच्या अलिप्ततेचा आदर करतो, असेही नमूद आहे. दोन्ही कलमे शेजारी शेजारी ठेवूनच मत बनवावे.

शेवटचे पान १९९१ चे. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली असताना पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यापूर्वी आपल्याच विदर्भातील रामटेकचे खासदार होते. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर जानेवारी १९९२ मध्ये त्यांच्या सरकारने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. त्या नोंदीसमोर डावीकडे कोणते तत्त्व लिहायचे, यावर अभ्यासिकेत एक संध्याकाळ चर्चा करावी आणि मतभेद उरले तर दोन्ही मते वहीत नोंदवावीत.