खाडीत सहाजणांची फ्लाय फिशिंग: आधी तिथी, मग गरी

फ्लाय फिशिंग, म्हणजे खोटी माशी फेकून मासा धरणं, म्हटलं की ट्राऊट आठवतो. तो थंड पाण्याचा मासा. हिमाचलातल्या तीर्थन नदीत किंवा काश्मीरच्या लिद्दरमध्ये तो मिळतो, पण पाणी २० अंशांच्या वर चढू लागलं की त्याला सोसत नाही. गोव्यातल्या मांडवी-जुवारीत तो जगायचा नाही. आपल्या खाड्यांत पिसाकेसांच्या खोट्या माशीवर येतात ते चणक आणि तामसो हे मासे. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच आपला चणक. खाली दिलेला बेत सहाजणांचा आणि तीन होड्यांचा आहे.

आधी पंचांग काढा

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. षष्ठीला ६ ची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास भरती पूर्ण आणि साडेदहापर्यंत ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा अंदाज झाला, नक्की वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. नदीत जितकं आत जाल तितका उशीर धरा. जुवारीत आतल्या बाजूला असलेल्या दुर्भाटला पाणी मुरगावच्या नंतर फिरतं.

सकाळच्या बेताला चतुर्थी ते षष्ठी हे दिवस उत्तम. उजाडताना ओहोटी चांगली धावत असते आणि चणक धावत्या पाण्याच्या कडेलाच उभा राहतो. अष्टमी-नवमीला भांग (कमी चढ-उताराची भरती) असते, पाणी सुस्त, मासाही सुस्त. भाद्रपदातली चवथ मात्र विसरा, त्या दिवशी घर सोडून येणार कोण?

पाऊस सरल्यावर गढूळपणा बसतो, म्हणून ऑक्टोबरनंतरचे महिने बरे. पांढरी माशी अर्धा मीटर पाण्याखाली धरली तर दिसायला हवी. दिसत नसेल तर माशालाही ती फार जवळ आल्याशिवाय दिसणार नाही.

जागा

खाजनाच्या (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) बांधाला जिथे मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार असतं, तिथे ओहोटीला आतलं पाणी नदीत सुटतं आणि त्याबरोबर सुंगटं (कोळंबी), बारीक मासळी वाहत येते. मानशीच्या तोंडापासून काही मीटरवर, जिथे धावतं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना लागून एक रेघ दिसते, त्या रेघेच्या संथ बाजूला चणक तोंड वळवून थांबलेला असतो. माशी टाकायची ती या रेघेवर. पण मानशीतल्या मासळीचा लिलाव झालेला असतो. ज्याने बोली घेतली त्याला आधी विचारा, आणि त्याचं जाळं लागलेलं असेल तर निमूट पुढची जागा बघा.

दोन ठिकाणं यादीतून आधीच काढून टाका. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, कारण अभयारण्यात गरी (गळ) टाकायची नाही. आणि कुंभारजुवे कालवा: तिथे मगरी आहेत, पाण्यात पाय घालायचा प्रश्नच येत नाही. इतरत्र उथळ पाण्यात उतरायचं असेल तर जाड तळाचे बूट घाला आणि पाय न उचलता घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं वागळें (पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा) काट्याने मारायच्या आधी निघून जातं. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळवा फाटतो, ती जखम खाऱ्या पाण्यात लवकर भरत नाही.

सामान

सहाजणांना सहा रॉड लागत नाहीत. होडीतून एका वेळी एकानेच फेकायचं, म्हणून तीन पुरतात, चौथा जादा. ९ फुटी, ८ वजनाचा, म्हणजे ८ क्रमांकाची लाईन पेलणारा रॉड घ्या. ट्राऊटचा ५ वजनाचा रॉड इथे चालत नाही. शिशाचे डोळे लावलेली जड माशी तो वाऱ्यात नेऊ शकत नाही. तरंगती लाईन उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच हवी. थंड पाण्याची लाईन आपल्या उन्हात मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि फेक अर्ध्यावर मरते. नवखे लोक मग दोष रॉडला देतात.

रीळवर लाईनमागे २० पौंडी (२० पौंड ताण सोसणारं) बॅकिंग, म्हणजे जादा दोरा, १५० मीटर भरा. लाईनच्या पुढचा लीडर (लाईन आणि माशी जोडणारा बारीक दोरा) घरीच बांधा: ४० पौंडी नायलॉन दीड मीटर, मग २० पौंडी पाऊण मीटर, शेवटी पुन्हा ४० पौंडी फ्लुरोकार्बन ४५ सेंटिमीटर. हा शेवटचा तुकडा चणकासाठी. त्याचे दात कानशीसारखे बारीक असतात आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार. प्रत्येक माशानंतर तुकड्यावरून बोटं फिरवा, खरखरीत लागला की कापून नवा बांधा.

माशा माणशी सहा. २/० मापाच्या गरीवर बांधलेली, तीनेक इंच लांब, पांढरी-हिरवी क्लाउझर (शिशाचे डोळे लावलेली माशी) सर्वांत कामाची. गढूळ पाण्याला काळी. बोकडाचे केस आणि कोंबड्याच्या मानेची पिसं पुरतात. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. यावर वाद नको: सहाजणांत कुणाच्या तरी कानात गरी अडकायचीच, आणि काटा दाबलेला असला तर ती सरळ निघते.

मैदानावरचा सराव

आठवडाभर आधी सगळ्यांना मैदानावर बोलवा. माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधा, १२ मीटरवर एक सूप ठेवा आणि त्यात लोकर पाडायला सांगा. १२ मीटर नेमकं पडलं तर खाडीत तेवढं पुरतं. मागे चाबकासारखा कडाड आवाज आला तर लाईन मागे पूर्ण उलगडायच्या आत पुढे ओढली गेली. मागचा थांबा वाढवा. लाईनचा फास रुंद होऊन गळून पडत असेल तर मनगट मोडतंय. शर्टाच्या बाहीत रॉडची मूठ खोचून दहा वेळा फेकलं की सवय सुटते. लीडरला गाठी पडतात त्या जोर लावल्यामुळे.

होडीत

होडीत दोघेजण आणि होडीवाला. नाळेवरचा (पुढच्या टोकावरचा) फेकतो, दुसरा मागे बसून राहतो, दर २० मिनिटांनी किंवा मासा लागला की अदलाबदल. घड्याळ गटप्रमुखाने पाहायचं, नाहीतर पहिल्याचा पाय नाळेवरून हलत नाही. टोपी, चष्मा, लाइफ जॅकेट सगळ्यांना, मागच्यालाही. सुटी लाईन पायाशी पडली की होडीच्या खिळ्यात, दोरखंडात, चपलेच्या पट्ट्यात अडकते. फेकणाऱ्याच्या डाव्या बाजूला रुंद बादली ठेवून ती तिच्यात जमवा.

सकाळी वारा जमिनीकडून, बेताचा असतो. अकराच्या पुढे समुद्राचा जोर होतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याला उजवीकडून वारा नको, माशी अंगावर येते. होडी फिरवून घ्या. दोन होड्यांत ३० मीटर अंतर ठेवा. मानशीसमोर एकीनेच, तीही प्रवाहाच्या बाजूला १२ ते १५ मीटरवर, आवाज न करता नांगर टाकायचा. इतर दोन बांधाच्या कडेने.

माशी पडली की तीन-चार आकडे मोजून बुडू द्या. मग हातभर ओढ, थांबा, दोन छोट्या ओढी, थांबा. चणक बहुतेक वेळा थांब्यावर घेतो. इथेच ट्राऊटची सवय नडते: ट्राऊट लागल्यावर रॉड उचलतात, चणकाला तसं केलं की माशी तोंडातून बाहेर येते. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाईन जोरात मागे ओढा, गरी रुतल्यावरच रॉड उचला. मासा पाण्याबाहेर उसळला तर टोक लगेच खाली करा, ताणलेला लीडर हवेत तुटतो.

मासा धरायचा ओल्या हाताने, खालच्या जबड्याला. कल्ल्यात बोटं घालू नका. चणक आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे मोठा दिसला की ती बहुधा अंड्यांची मादी. ती सोडा, जेवणाला मधला एखादा पुरतो. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा. स्वतःच्या जोराने निसटेपर्यंत हात काढू नका.

गरी डोळ्याजवळ रुतली किंवा खोल गेली तर ओढू नका. लीडर कापा, दाब न देता वर पट्टी धरा, १०८ ला फोन करा. होडी कुठल्या धक्क्याला लावायची ते निघण्याआधीच ठरलेलं असावं.

घरी आल्यावर

मिठामुळे रीळ दोन आठवड्यांत जाम होते. ब्रेक सैल करून ती गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. नळाचा जोरदार फवारा नको, त्याने मीठ आत ढकललं जातं. लाईन आणि रॉडची कडी ओल्या फडक्याने पुसा. वापरलेल्या माशा डबीत परत ठेवू नका, एक ओली माशी सगळ्या डबीला गंज लावते. थर्माकोलच्या तुकड्याला टोचून रात्रभर पंख्याखाली ठेवा.