शाडूत डोकं घडवताना डोळे शेवटी

नवशिका पहिल्याच तासाला डोळे कोरायला बसतो आणि मग आठ दिवस त्या डोळ्यांभोवती डोकं जुळवत राहतो. व्यक्तिशिल्प बिघडतं ते इथेच.

सांगाड्यासाठी 18 मिमी प्लायचा फूटभर चौकोन, त्यावर फ्लँजने (पाइप धरणाऱ्या लोखंडी चकतीने) घट्ट बसवलेला अर्ध्या इंची जीआय पाइप आणि वर अॅल्युमिनियमच्या जाड तारेचा नारळाएवढा पिंजरा एवढं पुरे. पिंजऱ्यात लाकडी काड्यांच्या दोन-तीन फुल्या बाइंडिंग वायरने लटकवा, नाहीतर रात्रीत हनुवटी गळ्यात उतरते. मानेचा कल आत्ताच ठरवा. माती चढल्यावर पाइप वाकत नाही.

फोटो हातभर अंतरावरून काढू नका. मोबाइल जवळ धरला की नाक फुगतं आणि कान मागे दडतात. अडीच-तीन मीटर लांब उभं राहून झूम करा. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरका आणि मागून असे फोटो हवेत. माणूस समोर बसणार असेल तर कॅलिपरने (दोन टोकांमधलं अंतर मोजायच्या चिमट्याने) कानापासून कानापर्यंत आणि हनुवटीपासून टाळूपर्यंतची मापं घ्या.

माती चढवायची ती गोळ्यांनी, दाबून. हाताला चिकटत नाही पण अंगठा सहज रुततो, अशी मळलेली हवी. खऱ्या मापाच्या डोक्याला दहा-बारा किलो लागते. इथे सगळे एकच चूक करतात, मागची कवटी चपटी ठेवतात. उंची 22-23 सेंमी असेल तर कपाळापासून मागपर्यंत 19 च्या आसपास भरलं पाहिजे. बाजूने पाहिलं तर कान मध्यरेषेच्या मागे येतो.

आता डोळे. डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. नवशिका ते कपाळात चढवतो. पण खरी गोची उंचीत नाही, खोलीत आहे. चेहरा पाटासारखा सपाट नसतो, पिंपासारखा वळलेला असतो. त्यामुळे डोळ्याचा बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्याच्या बराच मागे जातो. दोन्ही कोपरे एका रेषेत ठेवलेत की डोकं समोरून बरं दिसेल, पण स्टँड जरा फिरवला की मुखवटा. हे कळायला स्टुलावर चढून टाळूवरून खाली बघा. भुवया आणि गालाची हाडं कमानीत मागे वळताना दिसली नाहीत तर पापण्यांना हात लावू नका, आधी कानशिलाकडची माती काढा. काढायला जीव होत नाही, तरी काढा.

मग खोबणीत सुमारे 24 मिमी व्यासाची गोळी बसवा. प्रौढ माणसाचं बुबुळासकट नेत्रगोल साधारण तेवढंच असतं. पापण्या गोळीवर रेघा ओढून होत नाहीत. तीन-चार मिमी जाडीच्या मातीच्या पट्ट्या करा आणि गोळीवर पांघरा, आधी वरची, मग खालची. बाजूने पाहताना वरची पापणी खालच्यापेक्षा पुढे आली पाहिजे. दोघी एका रेषेत आल्या की नजर बटबटीत होते. बाहुली म्हणजे खोल खड्डा, आणि त्यात वरच्या पापणीला चिकटून ठेवलेला मातीचा ज्वारीएवढा कण. तो उजेड पकडतो. हे सगळं ट्यूबलाइटखाली करू नका. छतावरचा सपाट उजेड चुका लपवतो. एका बाजूची खिडकी हवी.

नाक, ओठ, कान पाठोपाठ येतातच.

दिवसाअखेर ओलसर कापड आणि वर प्लॅस्टिक. ठाण्याच्या पावसाळ्यात कापड पिळूनच घाला, नाहीतर नाक मऊ पडतं आणि बुरशी धरते.

साच्यासाठी कानांच्या मागून पत्र्याच्या पट्ट्या खोचून डोकं दोन भागांत विभागा. पाण्यात पीओपी भुरभुरवा, पीओपीवर पाणी ओतू नका. पहिला थर तीन-चार मिमी, त्यात चिमूटभर नीळ. वर दोन सेंमी पांढरा. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर गाठी धरते आणि नीट आवळत नाही, म्हणून गोणी ताजीच उघडा. फ्लॅटमध्ये काम करत असाल तर उरलेला पीओपी बेसिनमध्ये ओतू नका. तो पाइपातच घट्ट होतो आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी दारात येतात.

माती काढून साचा आतून साबणाच्या पाण्याने माखा, दोन्ही भाग जोडून आत पीओपी भरा आणि साचा बोथट छिन्नीने फोडायला घ्या. नीळ दिसली की घाव हलके करा. नाक आणि कान सगळ्यात शेवटी उघडा.